अजून ठरलेलं नाही

जीवाश्म म्हटलं की डोळ्यांसमोर डायनासोरचं हाड येतं, फार तर शंखाचा ठसा. मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते जीवाश्म डोळ्यांना दिसतच नाहीत. बहुतेकांचा आकार वीस ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे साधारण आपल्या केसाच्या जाडीएवढा. ते मिळवायची रीतही जरा अघोरी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळावर साचलेल्या चिखलाचा जो दगड झाला, त्याचे तुकडे करायचे. ते आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकायचे, म्हणजे चुना निघून जातो. मग हायड्रोफ्लुओरिक ॲसिडमध्ये. हे दुसरं ॲसिड काचसुद्धा खातं, त्यामुळे भांडी प्लास्टिकची लागतात आणि कातडीवर थेंब उडाला तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. दगड विरघळतो. तळाशी थोडा काळपट गाळ उरतो. त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात ते असतात. दगड गेला तरी ते राहतात, कारण त्यांचं कवच सेंद्रिय असतं आणि ॲसिडला दाद देत नाही.

एम.एस्सी.ला असताना मी अशी एक तयार स्लाइड पाहिली. पुण्यात भूशास्त्र शिकणाऱ्यांचा जीवाश्मांशी संबंध बेताचाच, पायाखाली सगळा लाव्हाचा दगड. त्यामुळे मी जरा जास्तच उत्साहाने बघत होते. पिवळसर तपकिरी गोल, काही गुळगुळीत, काहींना चहूबाजूंनी काटे. साळिंदर घाबरून गोळा झालं तर कसं दिसेल, तसे. मी मॅडमना विचारलं, “हे काय आहे?”

“ॲक्रिटार्क.”

“म्हणजे कोण? प्राणी की वनस्पती?”

“म्हणजे कोण ते माहीत नाही.”

मला वाटलं, त्या चेष्टा करतायत. पण त्या शब्दाचा अर्थच तो आहे. ग्रीक ‘अक्रितोस’ म्हणजे ज्याचा निवाडा झालेला नाही असा, आणि ‘आर्के’ म्हणजे उगम. यातला सुरुवातीचा ‘अ’ आणि आपल्या अज्ञात, अपूर्णमधला ‘अ’ हे सख्खे भाऊ आहेत. मराठीत सांगायचं तर ‘अनिर्णित-मूळ’. क्रिकेटची मॅच अनिर्णित राहते तसं. फरक एवढाच, की ही मॅच अजून चालू आहे.

हे नाव १९६३ साली विल्यम एविट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिलं. ते देण्याआधी त्याने काय केलं होतं हे कळलं की नावाची किंमत कळते.

हे काटेरी गोल माणसाने पहिल्यांदा पाहिले ते १८३०च्या दशकात. जर्मनीत एरेनबर्ग नावाचा सूक्ष्मदर्शकाचा बादशहा होता. त्याला गारगोटीच्या पातळ चकत्यांमध्ये ते दिसले. गोड्या पाण्याच्या डबक्यात तसल्याच काट्यांचं एक शेवाळ आढळतं, त्याचंच नाव त्याने यांना देऊन टाकलं. पण ही गारगोटी समुद्रात तयार झालेली होती. मग पुढच्या लोकांनी नावं बदलली. कोणी त्यांना अंडी ठरवलं. १९३०च्या दशकात जर्मनीतच त्यांना ग्रीक साळिंदरावरून नाव मिळालं, हिस्ट्रिकोस्फिअर, आणि पुढे तीसेक वर्षं जे काही बारीक, गोल आणि काटेरी सापडेल ते या पोत्यात जात राहिलं. पोत्याला नाव होतं म्हणून सगळ्यांना वाटत होतं, की आत काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

एविटने ते पोतं उपसलं. डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव समुद्रात असतात. कोकणात काही रात्री लाटा निळ्या चमकतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसला तोच व्हिडिओ असतो, ती करामत याच गटातल्या एका जीवाची. यातल्या अनेकांच्या अंगावर ठरावीक मांडणीच्या तबकड्यांचं चिलखत असतं. परिस्थिती बिघडली की काही जाती आतल्या आत एक टणक कोष करून पडून राहतात, आणि बरे दिवस आले की त्या कोषाला भोक पाडून बाहेर येतात. एविटने १९६१मध्ये दाखवलं, की कित्येक काटेरी गोलांवरचे काटे वाटेल तसे उगवलेले नाहीत, ते चिलखतातल्या तबकड्यांच्या मांडणीशी जुळतात. कोषाला पडलेलं भोकसुद्धा नेमकं तबकडीच्या आकाराचं असतं. म्हणजे हे त्यांचेच कोष. शंभरेक वर्षांचं कोडं सुटलं.

मला नेहमी थांबावंसं वाटतं ते इथे. एविटच्या हातात आता एक किल्ली होती. पोत्यात अजून शेकडो प्रकार उरले होते, त्यांच्यावर ना तबकड्यांची खूण, ना तसं भोक. पण दिसायला ते भावंडांसारखेच. “हेही डायनोफ्लॅजेलेटच असणार, खुणा पुसल्या गेल्यात” असं तो म्हणाला असता तर त्या वेळी त्याला फारसं कोणी अडवलं नसतं. तो तेव्हा या विषयातला सगळ्यात मोठा माणूस होता. त्याने उलट केलं. ज्यांचा पुरावा आहे ते वेगळे काढले, आणि उरलेल्यांसाठी नवा शब्द घडवला, ज्याचा अर्थ ‘ठरलेलं नाही’. शिवाय हेही मांडलं, की हा काही जीवसृष्टीतला खराखुरा गट नाही, ही तात्पुरती सोय आहे. यातल्या ज्याचं मूळ कळेल त्याने इथून निघून जायचं.

तसे काही गेलेही. टास्मानियात एक तेलकट दगड मिळतो, तो ज्या बारीक चकत्यांनी भरलेला असतो त्यांचं नातं आजच्या एका हिरव्या शैवालाशी जुळलं. त्या चकत्या हिरव्या शैवालांत गेल्या. दरवेळी कोणाची ओळख पटली, की हा गट थोडा लहान होतो.

आता यात तत्त्वज्ञान कुठे आलं? मला वाटतं, ‘माहीत नाही’ या दोन शब्दांत आपण निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. एक ‘माहीत नाही’ म्हणजे मी बघितलंच नाही. दुसरं म्हणजे कोणालाच कधीच कळणार नाही, तेव्हा सोडा. हे दुसरं दिसायला नम्र असतं, पण त्यात एक मोठा दावा दडलेला असतो, कारण ‘कधीच कळणार नाही’ हे तुला कसं कळलं? एविटचं ‘माहीत नाही’ या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. ते म्हणतं: मी बघितलं, इतक्या गोष्टी तपासल्या, यातलं हे हे नाही हे सांगू शकतो, आणि अमुक खूण सापडली तर निकाल लागेल. हे कष्टाने कमवावं लागतं. आणि ते कमवल्यावर काम थांबत नाही. मूळ माहीत नसतानाही ॲक्रिटार्कवरून दगडांचे थर जुळवले जातात. जमिनीखाली उष्णता वाढत जाते तसा त्यांच्या कवचाचा रंग पिवळ्यापासून तपकिरी आणि मग काळा होतो, त्यावरून तो दगड किती भाजला गेला आणि त्यात तेल तयार होण्याजोगी स्थिती होती का, याचा अंदाज बांधतात. साक्षीदाराचं नाव माहीत नाही, पण साक्ष चालते.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण मला खटकतं ते पुढे. एवढ्या शांतपणे ‘ठरलेलं नाही’ म्हणणं एविटला परवडत होतं, कारण ते गोल कोट्यवधी वर्षं वाट बघत होते. त्यांना आणखी साठ वर्षांनी काय फरक पडतो? माणसांचं तसं नसतं.

माझ्या आत्याला तीन वर्षांपूर्वी ताप आला आणि तो उतरेना. तीन आठवडे गावातल्या दवाखान्यात काढले. तिथे आधी टायफॉइड म्हणून गोळ्या झाल्या, मग “टीबीचं औषध चालू करून बघू” असं ठरायला लागलं, तेव्हा माझ्या वडिलांनी तिला सांगलीला हलवलं. तिथे आठवडाभर तपासण्या झाल्या आणि फाइलवर तीन अक्षरं आली: पी.यू.ओ. पायरेक्सिया ऑफ अननोन ओरिजिन. मूळ माहीत नसलेला ताप. मी ते वाचलं आणि मला ती पिवळी स्लाइड आठवली. पुढे शोधलं तर कळलं, की या तापाची काटेकोर व्याख्या पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी केली तीही १९६१ सालीच: तीन आठवड्यांहून जास्त, १०१ फॅरनहाइटच्या वर वारंवार, आणि इस्पितळात आठवडाभर तपासूनही निदान नाही. म्हणजे ‘माहीत नाही’ म्हणायलासुद्धा पात्रता लागते. तुम्ही पुरेसं शोधलेलं असलं पाहिजे.

पण आत्याला या व्याख्येचं काय? ती खाटेवर बसून मला म्हणाली, “अगं, नाव नाही म्हणजे बरं की वाईट गं?” मला उत्तर देता आलं नाही. बाहेर काका फोनवर एकेकाला सांगत होते, आणि पलीकडून प्रत्येक जण काहीतरी नाव सुचवत होता. कोणी म्हणे टेन्शनचा ताप, कोणी म्हणे डेंग्यूच दबलाय. आत्याच्या नणंदेने स्पष्टच सांगितलं, बाहेरचं काहीतरी आहे, बघून घ्या. या सगळ्यांत सारखं काय होतं, तर ते रिकामी जागा सहन करू शकत नव्हते. मी त्यांना हसले नाही. रात्री अडीचला अंग भाजायला लागलं की ‘बाहेरचं’सुद्धा एक आधार असतो, निदान त्याच्यावर उतारा तरी असतो.

आमच्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. काका त्यांना म्हणाले, “मॅडम, निदान स्टेरॉइड देऊन ताप तरी उतरवा.” त्या म्हणाल्या, “उतरेल हो काका, पण मग ज्याला शोधतोय तोही लपेल.” आणि मग त्यांनी एका कागदावर लिहून दाखवलं, काय काय नाही हे कळलंय, काय अजून बघायचंय, आणि कुठली लक्षणं दिसली तर त्या वाट न बघता औषध सुरू करतील. आत्याला आणखी नऊ दिवस ताप सोसावा लागला. डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाची किंमत आत्याने मोजली, डॉक्टरांनी नाही. मग ताप आपोआप गेला. असं अशा तापांत होतं. कशाचा होता ते आजही ठरलेलं नाही.

बुद्धाची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जग शाश्वत आहे की नाही, अशा प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय मी साधना करणार नाही, असं मालुंक्यपुत्र हटून बसतो. बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला देतो. तो माणूस म्हणतो, बाण मारणारा कोण, कुठल्या गावचा, धनुष्य कसलं हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. तो मरून जाईल, पण प्रश्न संपणार नाहीत. म्हणून बुद्धाने ते प्रश्न अव्याकृत ठेवले. मला ही गोष्ट फार आवडते, पण आत्याच्या खाटेशेजारी बसून ती पुरेशी वाटली नव्हती. तापाच्या बाबतीत बाण कुठून आला हे कळल्याशिवाय तो काढताच येत नाही. कुठला प्रश्न बाजूला ठेवला तर माणूस वाचेल आणि कुठला ठेवला तर मरेल, हे आधी ओळखावं लागतं, आणि त्यासाठी कुठलंही सूत्र मला अजून सापडलेलं नाही.

जीवाश्मांच्या दुनियेतही कधी कधी माणूस मध्ये सापडतो. त्यासाठी चित्रकूटला जावं लागेल.

मध्य भारतात विंध्य पर्वताच्या नावाने ओळखले जाणारे जुने समुद्री खडक आहेत. १९९८मध्ये डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतले रफत आझमी यांनी जाहीर केलं, की सोन नदीच्या खोऱ्यात या खडकांत त्यांना अगदी बारीक कवचांचे जीवाश्म सापडले. तसले नळीदार, वळ्यावळ्यांचे अवशेष तेव्हा माहीत होते ते कँब्रियन काळातले, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यामुळे हे खडकही तेवढेच जुने, असं त्यांनी मांडलं. गदारोळ झाला. कारण बाकीचे लोक हे खडक त्याहून खूप जुने मानत होते, आणि २००२मध्ये झिरकॉन या खनिजावरून काढलेलं वय आलं १६० कोटी वर्षं. मधे शंभर कोटी वर्षांची दरी. मग हे जीवाश्म नव्हेतच, कसले तरी खनिजांचे आकार असतील, असं काही जण म्हणाले. काहींना त्या जागी जाऊन ते सापडलेच नाहीत. आणि अशा वेळी शंका नमुन्यावरून नमुना आणणाऱ्यावर सरकायला वेळ लागत नाही.

२००९मध्ये स्टॉकहोमच्या स्टेफान बेंग्टसन यांच्या गटाने चित्रकूट भागातून नव्याने नमुने घेऊन तपासले. ज्या दगडात जीवाश्म होते त्याच दगडाचं वय काढलं: सुमारे १६५ कोटी वर्षं. आणि जीवाश्म? खरे होते. नळ्या होत्या, वळ्या होत्या. म्हणजे आझमींना दिसलं ते खरं, आणि वय सांगणाऱ्यांनी सांगितलं तेही खरं. चुकीचं होतं ते दोन्ही बाजूंनी न बोलता धरून चाललेलं एक गृहीतक: अशी नळी दिसली की ती कँब्रियनचीच. त्याच नमुन्यांत प्राण्यांच्या भ्रूणांसारखे दिसणारे गोळेही होते. ते मात्र जीवाश्म नव्हतेच. जिवाणूंच्या बुळबुळीत थरात अडकलेले वायूचे बुडबुडे होते ते. बुडबुड्याला १६५ कोटी वर्षं टिकायला मिळालं, ही कल्पना मला अजून पचलेली नाही.

२०१७मध्ये याच गटाने त्यातल्या काही तंतूंची क्ष-किरणांनी आतून छायाचित्रं घेतली आणि ते लाल शैवालाचे असावेत असं सुचवलं. सगळ्यांना ते मान्य नाही. पण एका प्रकाराला त्यांनी नाव दिलं रफताझमिया चित्रकूटेन्सिस. आझमींचा काळाचा दावा टिकला नव्हता, तरी नाव त्यांचं. मला यात निव्वळ दिलदारी दिसत नाही. हा एक नेमका निवाडा आहे: दिसणं आणि त्याचा अर्थ लावणं वेगळं काढून पहिल्याचं श्रेय देणं. फक्त त्याला एकोणीस वर्षं लागली, आणि त्या एकोणीस वर्षांचा हिशेब कुठल्याच शोधनिबंधात येत नाही. १९९८मध्ये दोन्ही बाजूंना ‘हे काय आहे ते अजून ठरलेलं नाही’ एवढं म्हणता आलं असतं तर? आझमींना तेव्हा कोणी ऐकलं असतं का, हा वेगळा प्रश्न. “काहीतरी नळ्या सापडल्या, कोणाच्या ते माहीत नाही” अशी बातमी होत नाही. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला जागा द्यायची तयारी ऐकणाऱ्यांतही लागते, आणि ती आपल्यात किती आहे ते कुठल्याही व्हायरल बातमीखालच्या पहिल्या पन्नास कमेंट वाचून कळतं.

चीनमधल्या दौशांतुओ खडकांतही असंच झालंय. सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वीचे, पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होताना जणू थिजलेले गोळे. १९९८मध्ये त्यांना प्राण्यांचे भ्रूण म्हटलं गेलं, २००७मध्ये राक्षसी गंधक-जिवाणू, २०११मध्ये कोष करून राहणारे, प्राणी नसलेले जीव.  भांडण चालू आहे, पण खडक तेच आहेत.

आणि एविटचा गट? काटे असलेल्यांना आशा आहे. काट्यात, भोकात, कवचाच्या थरांत काहीतरी खूण मिळू शकते. कँब्रियन काळातल्या ॲक्रिटार्कांनी भरलेल्या काही खडकांत डायनोफ्लॅजेलेटांशी जोडला जाणारा एक रासायनिक अंशही १९९८मध्ये सापडला, म्हणजे एविटने पुराव्याअभावी बाहेर ठेवलेल्यांपैकी काही कदाचित त्याच घरचे निघतील. अडचण गुळगुळीत गोलांची आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ३२० कोटी वर्षं जुन्या खडकांतून असे गोल २०१०मध्ये जाहीर झाले, काही तर ३०० मायक्रॉनचे, म्हणजे नजर तीक्ष्ण असेल तर नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यासारखे दिसावेत एवढे. ते सजीव होते यावर त्यांच्या अभ्यासकांचा भर आहे. कोण होते, यावर नाही. साध्या गोलावर वाचण्यासारखं फार थोडं असतं. ते ॲक्रिटार्कच्या डब्यात आहेत, डब्यावर जागा, थर आणि वय लिहिलेलं आहे, आणि नावाच्या पुढे अजून काही नाही.